युद्धाच्या गोष्टींतील खरेपणा

मराठी निबंधाच्या तासाला 'एका सैनिकाचें आत्मवृत्त' हा विषय जितक्या वेळां येतो तितक्या वेळां दुसरा क्वचितच येत असेल. पावसाळ्यांतील एक दिवस, फाटक्या पुस्तकाची कैफियत आणि सैनिकाचें आत्मवृत्त, ही त्रिस्थळी यात्रा केल्यावांचून गिरगांव-परळकडील कोणताहि विद्यार्थी शालान्त परीक्षेच्या काठाला लागत नाहीं. ज्यांना या निबंधांचे ढीग तपासावे लागतात त्यांस तो सैनिक पाठ झालेला असतो. पहिल्या परिच्छेदांत आई त्याला ओवाळते, दुसऱ्यांत बर्फ पडतो, तिसऱ्यांत गोळी लागते आणि चौथ्यांत तो तिरंग्याकडे पाहत हसतमुखानें डोळे मिटतो. डोळे मिटल्यावर त्यानें आत्मवृत्त कसें लिहिलें हें कोणी विचारीत नाहीं. शुद्धलेखन बरें असलें कीं गुणहि बरे पडतात.

मुलांची थट्टा करावी असा आमचा हेतु नाहीं. ज्यानें शिपाई पाहिला तो चित्रपटांतला, आणि तोफ पाहिली ती गणेशोत्सवाच्या देखाव्यांतली, त्यानें दुसरें काय लिहावें? पण लालबाग-परळच्या चाळींत अशाहि खोल्या आहेत कीं जेथें भिंतीवर एखादें काळवंडलेलें छायाचित्र टांगलेलें असतें. पटका बांधलेला, छातीवर बिल्ला लावलेला कोणी पणजोबा किंवा त्यांचा भाऊ त्यांत ताठ बसलेला असतो. गिरणींत आलेला मनुष्य सातारा-रत्नागिरीकडून आला आणि पलटणींत गेलेला मनुष्यहि त्याच गांवांतून गेला. एक भाऊ साच्यावर आणि दुसरा सरहद्दीवर, अशीं घरें थोडीं नव्हतीं. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे या एकाच गांवचे ४६ शिपाई पहिल्या महायुद्धांत कामास आले, आणि लोक आजहि त्या गांवास 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. ज्या मुलाच्या घरीं असें छायाचित्र आहे तोहि निबंधांत तोच बर्फांतला हसरा सैनिक उतरवितो. घरचा शिपाई भिंतीवर राहतो, वहींत येत नाहीं. आम्हांस खंत वाटते ती याची. आणि म्हणून युद्धाची गोष्ट खरी कशानें होते याविषयीं विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या आईवडिलांशीं चार शब्द बोलावेसे वाटतात.

पहिला प्रश्न साहजिक असा येतो, कीं ज्यानें युद्ध पाहिलें नाहीं त्यानें त्याविषयीं लिहूंच नये काय? तसें म्हणतां येत नाहीं. स्टीफन क्रेन हा अमेरिकन लेखक १८७१ सालीं जन्मला. त्याच्या देशांतील यादवी युद्ध १८६५ सालींच संपलें होतें. तरी १८९५ सालीं त्यानें त्या युद्धावर 'द रेड बॅज ऑफ करेज' ही कादंबरी प्रसिद्ध केली, आणि ती वाचून, हा गृहस्थ स्वतः लढला असला पाहिजे, असें कित्येकांना वाटलें. क्रेननें केलें एवढेंच, कीं लढाईचें नांव सांगितलें नाहीं, नकाशा दिला नाहीं, जय कोणाचा व कां झाला याची चर्चा केली नाहीं. एका कोवळ्या शिपायाला जेवढें दिसतें तेवढेंच तो वाचकाला दाखवितो. त्या शिपायाला मुख्यतः धूर दिसतो, आणि आपण पळून तर जाणार नाहीं ना, ही एकच चिंता त्याला छळते. पुढें तो पळतोहि. इतिहासकार वरून पाहतो म्हणून त्याला सैन्यें दिसतात. कादंबरीकार त्या पोराच्या डोक्याइतक्या उंचीवर उभा राहतो. हा उभें राहण्याच्या जागेचा प्रश्न आहे, आणि आमच्या मतें युद्धकथेची निम्मी कला या जागेच्या निवडींत असते.

असेंच एक उदाहरण आमच्या गिरणगांवांतलें आहे. शाहीर अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १९२० सालीं वाटेगांवीं झाला. शाळेचें शिक्षण नांवापुरतें. मुंबईस येऊन त्यांनीं मिळेल तें काम केलें, गिरणींतहि राबले. व्होल्गाकांठीं स्टालिनग्राड शहरासाठीं ऑगस्ट १९४२ पासून २ फेब्रुवारी १९४३ पर्यंत जें भयंकर युद्ध चाललें, त्यावर त्यांनीं पोवाडा रचला. ते प्रत्यक्ष रशियांत गेले ते पुष्कळ वर्षांनीं, १९६१ सालीं. म्हणजे पोवाडा झाला तेव्हां त्यांनीं तें शहर पाहिलें नव्हतें, आणि ऐकणाऱ्यांनींहि पाहिलें नव्हतें. परंतु पोवाड्याचा घाट दोघांच्याहि अंगवळणी पडलेला होता. डफावर थाप पडली, तुणतुणें वाजूं लागलें, मागून झीलकऱ्यांचा 'जी जी' आला, कीं परळचा कामगार किल्ला लढविणाऱ्यांची कथा ऐकण्यास बसे. ती कथा या वेळीं दूरच्या किल्ल्याची होती एवढाच फरक. अपरिचित दुःख सांगावयाचें तर परिचित घाटांत सांगावें, हें मर्म त्या अल्पशिक्षित शाहिरास पक्कें ठाऊक होतें. तो पोवाडा एका पक्षाच्या अभिमानानें रचलेला आहे हें खरें, आणि ज्यांना तो पक्ष मान्य नाहीं त्यांनीं तें ध्यानांत ठेवून तो ऐकावा. मात्र शाहिराचें एक बरें असतें: तो पक्ष घेतो तो उघड घेतो, डफ वाजवून घेतो. निःपक्षपाताचा आव आणून पक्ष घेणाऱ्या लेखकापेक्षां तो अधिक विश्वासार्ह असें आम्हांस वाटतें.

आतां ज्यांनीं युद्ध पाहिलें त्यांच्याकडे वळूं. पाहणाऱ्याचें काम सोपें असेल असें कोणास वाटेल, पण मराठींतील दोन लिखाणें तसें सांगत नाहींत. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर जो प्रलय झाला त्यांत नाना फडणीस होते. वय १९ च्या आंत-बाहेर. तीर्थयात्रेच्या निमित्तानें आईसह ते सैन्याबरोबर गेले होते. पुढें त्यांनीं जें लहानसें आत्मचरित्र लिहून ठेवलें, त्यांत आपण जीव घेऊन कसे निघालों, कसे लपत-छपत आलों, हें ते झांकून ठेवीत नाहींत. आई परत आली नाहीं. ज्या पुरुषानें पुढें पुण्याच्या दरबारांत बसून साऱ्या हिंदुस्थानाचें राजकारण हलविलें, त्यानें आपल्या भीतीची नोंद स्वतःच्या हातानें करावी, हीच त्या लिखाणाची थोरवी. बखरकार त्याच लढाईचें वर्णन करतात तेव्हां हत्ती, घोडे, रक्ताच्या नद्या यांची रेलचेल असते. तें वाचावयास रोमांचकारक वाटतें, परंतु आपण तेथें आहोंत असें वाटत नाहीं. नानांच्या कोरड्या वाक्यांत तें वाटतें.

दुसरें लिखाण विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. हें पुस्तक आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें शाळा सोडण्यापूर्वीं वाचलेंच पाहिजे असा आमचा आग्रह आहे, आणि तो आम्ही येथें थोडा ताणूनच मांडणार आहों. कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील वरसई गांवचा हा गरीब भिक्षुक ब्राह्मण. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, घरचें कर्ज फिटेल, एवढ्या आशेनें तो चुलत्याबरोबर १८५७ सालीं उत्तरेस निघाला आणि थेट बंडाच्या वणव्यांत सांपडला. १८५८ च्या मार्च-एप्रिलांत सर ह्यू रोजच्या फौजेनें झांशीस वेढा घातला तेव्हां तो शहरांत होता. शहर पडल्यावर जी कत्तल झाली तींत तो लपून जिवंत राहिला. जमविलेली दक्षिणा लुटली गेली. शेवटीं गंगेची कावड तेवढी घेऊन तो घरीं परतला. हा सगळा वृत्तान्त त्यानें सुमारें पंचवीस वर्षांनीं, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून लिहून काढला. तो छापून निघाला १९०७ सालीं, तेव्हां भटजी हयात नव्हते. वैद्यांनीं छापतांना त्यांत पुष्कळ फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ति दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं काढली.

या पुस्तकांत ऐकीव गोष्टी पुष्कळ आहेत, आणि इतिहास म्हणून पाहिल्यास चुकाहि आहेत. तरी झांशीच्या वेढ्याविषयीं सरकारी खलित्यांची चळत वाचून जें कळत नाहीं तें यांतून कळतें. याचें कारण काय? आमच्या मतें कारण असें, कीं भटजी युद्ध पाहण्यासाठीं गेलेलेच नव्हते. त्यांचें लक्ष दक्षिणेकडे, स्नानसंध्येकडे, सोंवळ्याकडे, रात्रीं कोठें पडावयाचें याकडे. तोफेचा गोळा अशा मनुष्याच्या संसारांत येऊन पडतो म्हणून त्याचा आवाज आपणांस ऐकूं येतो. त्यांतील एक प्रसंग पाहा. धुळीनें माखलेली, घोड्यावर बसलेली राणी लक्ष्मीबाई विहिरीपाशीं थांबते व पाणी मागते. भटजी मडकें घेऊन पाणी ओढूं लागतात. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठीं ओढूं नका, असें म्हणून ती स्वतः ओढून घेते. एवढेंच. पराक्रमाचा एकहि शब्द नाहीं, तरवारीचें वर्णन नाहीं. एक मडकें, एक दोरी, एक तहानलेली बाई, आणि सर्वस्व गेल्यावरहि न सुटलेली रीत. आम्हीं राणीवरील कित्येक कविता व नाटकें वाचलीं आहेत. त्यांतील एकींतहि ती इतकी जवळ आलेली नाहीं.

सरळ सांगतां येत नाहीं म्हणून आडवळणानें सांगितलेली गोष्ट कधीं कधीं अधिक खोल जाते. पानिपताची बातमी नानासाहेब पेशव्यांस कशी कळली याची कथा प्रत्येक मराठी घरांत ठाऊक आहे. एका सावकाराचें पत्र वाटेंत हातीं लागलें; त्यांत मोत्यें, मोहरा आणि खुर्दा यांच्या नुकसानीचा हिशेब होता, आणि मोत्यें म्हणजे कोण, मोहरा म्हणजे कोण, हें वाचणारानें ओळखलें. मजकूर असाच्या असा होता कीं काय यावर विद्वानांनीं खुशाल वाद घालावा. लोकांनीं ही कथा अडीचशेंवर वर्षें उराशीं धरली, कारण हिशेबाच्या भाषेंत एक भयंकर खरेपणा आहे: मोत्यें मोजतां आलीं, मोहराहि मोजल्या, खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाहीं. साधा शिपाई त्या खुर्द्यांत आला. पुढें १५० वर्षांनीं, पहिल्या महायुद्धांत, फ्रान्समध्यें लढणाऱ्या हिंदी शिपायांचीं पत्रें सरकारी अधिकारी उघडून वाचीत. एकानें घरीं कळविलें कीं काळी मिरी संपत आली असून आतां तांबडी वापरूं लागले आहेत. काळी म्हणजे आपले लोक, तांबडी म्हणजे गोरे. सावकाराला सांकेतिक भाषा व्यवहारानें शिकविली, शिपायाला धाकानें. पण स्वयंपाकघरांतील दोन डब्यांनीं त्या शिपायानें पलटणीची जी दशा सांगितली ती आंकड्यांनीं सांगतां आली नसती.

येथें पालकवर्गांतून एक शंका निघते, आणि ती रास्त आहे. गोष्ट रंगविण्याची मोकळीक एकदां दिली, कीं खोट्यालाहि दार उघडलें नाहीं काय? सिंहगडचा पोवाडा घ्या. तानाजी मालुसरे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं गड घेतांना पडले, हा इतिहास. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यांत मुलाचें, रायबाचें, लग्न आहे आणि कड्यावर चढणारी घोरपडहि आहे. घोरपडीची कथा इतिहासकार मानीत नाहींत. (गडाचें सिंहगड हें नांव तानाजींच्या मृत्यूच्या आधींच्या कागदांतहि सांपडतें, हें जातां जातां सांगून ठेवतों, कोणाचा हिरमोड झाला तर इलाज नाहीं.) लग्नाचा प्रसंगहि आपणांपर्यंत मुख्यतः शाहिरामार्फतच आला. मग दोन्ही सारख्याच त्याज्य काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. लग्नाचें आमंत्रण घेऊन आलेला बाप मोहिमेवर जातो आणि मांडवाऐवजीं घरीं प्रेत येतें, या रचनेनें मरणाचें ओझें वाढतें. ऐकणाऱ्या प्रत्येक घराला आपल्या घरचें कार्य आठवतें. उलट, घोरपडीनें तें ओझें हलकें होतें. दोर तिनेंच लाविला म्हटल्यावर काळोखांत, हातांनीं चांचपीत, खालीं दरी असतांना तो कडा चढणारीं माणसें आपल्या नजरेआड होतात. जी कल्पना माणसाची किंमत दाखविते ती इतिहासांत नसली तरी सत्याच्या बाजूची. जी ती झांकते, ती कितीहि गोड असली तरी विरुद्ध बाजूची. हा निकष आम्हीं इतर पुस्तकांनाहि लावून पाहिला, आणि चित्रपटांना तर तो अवश्य लावावा. ज्या चित्रपटांत नायक शंभरांना लोळवितो व त्याच्या कपड्यांची घडी मोडत नाहीं, तो घोरपडीच्या जातीचा समजावा.

मराठी कादंबरीकडे पाहिलें तर युद्धावरचें आमचें सर्वांत खरें पुस्तक असें आहे, कीं ज्यांत लढाईच नाहीं. विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' १९३९ सालीं प्रसिद्ध झाली. नांवावरून तोफा-बंदुकांची अपेक्षा करणारा वाचक पहिल्या पानापासून फसतो. सारी कथा युरोपांतून पूर्वेकडे येणाऱ्या एका बोटीवर घडते. चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण घरीं परतत आहे, आणि त्याच बोटीवर हिटलरच्या जर्मनींतून हांकलले गेलेले ज्यू निर्वासित आहेत. त्यांतील हॅर्टा या तरुणीशीं त्याचा स्नेह जडतो. दिवस थोडे असतात. मुंबई बंदर लागतें, तो उतरतो. तिला उतरतां येत नाहीं, कारण तिला उतरवून घेण्यास कोणताच देश तयार नाहीं. पुढच्या प्रवासांत ती जीव देते.

ज्या किनाऱ्यावर आम्ही हवा खावयास जातों, ज्या बंदरांत बोटी पाहावयास मुलांस नेतों, त्याच बंदरांत ही गोष्ट येऊन थांबते. गिरगांवच्या वाचकाला यापेक्षां जवळचें रणांगण कोणतें असेल? बेडेकरांनीं एकहि गोळी न झाडतां दाखविलें, कीं युद्ध जाहीर होण्याच्या आधींच तें माणसांच्या कागदपत्रांत, परवान्यांत, भोजनाच्या टेबलावर कोणाशेजारीं कोण बसतो यांत सुरू झालेलें असतें. आणखी एक विशेष असा, कीं १९३९ सालच्या वाचकाला पुढचें ठाऊक नव्हतें. सुमारें ६० लाख ज्यूंचा संहार झाला हें जगास युद्ध संपतांना कळलें. आज आपण तीच पानें उघडतों तेव्हां बोटीवर हसणाऱ्या-रुसणाऱ्या प्रत्येक जर्मन ज्यू माणसाच्या मागें तो आंकडा उभा असतो. लेखकानें एक अक्षर बदललेलें नाहीं, तरी पुस्तक अधिक खरें झालें आहे. असें थोड्याच पुस्तकांच्या नशिबीं येतें.

परदेशी पुस्तकांपैकीं एरिख मारिया रेमार्क या जर्मन लेखकाच्या 'ऑल क्वायट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या १९२९ च्या कादंबरीचा उल्लेख करावाच लागतो. तिचें नांवच तिच्या शेवटाचा भेद सांगतें: ज्या दिवशीं नायक मरतो त्या दिवशींच्या लष्करी वृत्तान्तांत, विशेष कांहीं नाहीं, एवढेंच नमूद होतें. १९३३ सालीं जर्मनींत ती जाळली गेली. सत्तेला खोट्या गोष्टीची भीति वाटत नाहीं, हा यांतला धडा मुलांनीं इतिहासाच्या तासाला घ्यावा. अलीकडे व्हिएतनामच्या युद्धांत लढलेल्या टिम ओब्रायन यानें १९९० सालीं 'द थिंग्ज दे कॅरीड' हें पुस्तक लिहिलें. त्यांतील निवेदकाला त्यानें स्वतःचेंच नांव दिलें, आणि तरी हें कल्पित आहे असेंहि बजावून ठेवलें. ही युक्ति चतुर आहे, पण आम्हांस त्यांतील शिपायांच्या पाठीवरील सामानाच्या याद्याच जास्त लक्षांत राहिल्या. ओझें किती होतें हें कळलें कीं माणूस कळतो.

आतां आमच्या शहरावर प्रत्यक्ष येऊन आदळलेल्या युद्धाविषयीं. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' नांवाची बोट उभी होती. तिच्या पोटांत सुमारें १४०० टन स्फोटक द्रव्यें, कराचीस भरलेल्या कापसाच्या गांसड्या आणि सोन्याच्या १२४ विटा होत्या. कापूस आणि दारूगोळा एका ठिकाणीं भरूं नये हें पोरालाहि कळतें. पण युद्धकाळीं बोटी थोड्या आणि घाई फार. आग लागली, आणि दुपारीं चार वाजून गेल्यावर बोट फुटली. अर्ध्या तासाच्या आंतबाहेर दुसरा स्फोट झाला. गोदी, वखारी, आसपासची वस्ती जळाली. शेंकडों माणसें मेलीं. आग विझविण्यास गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान परत आले नाहींत; त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. युद्धकाळच्या निर्बंधांमुळें वर्तमानपत्रांस कांहीं आठवडे याचा सविस्तर वृत्तान्त छापतां आला नाहीं. अर्थात् शहरानें तो तोंडींच एकमेकांस सांगितला.

आणि शहरानें काय सांगितलें? सोन्याची वीट! गोदीपासून मैलभर दूर एका पारशी गृहस्थाच्या घराचें छप्पर फोडून वीट आंत पडली, त्यानें ती प्रामाणिकपणें परत केली. ही कथा गिरगांवांत अजून सांगितली जाते, कालाच ऐकिली अशी सांगितली जाते. ती खोटी नाहीं. परंतु वीट इतकी चकाकते, कीं तिच्या उजेडांत ते ६६ जण दिसेनासे होतात. गोदींत पाटी वाहणारे हमाल तर कोणाच्या कथेंत आलेच नाहींत. खऱ्या गोष्टीचीहि घोरपड होऊं शकते ती अशी. एखाद्या कथालेखकानें हा प्रसंग हातीं घेतला तर विटेपासून आरंभ करण्यास हरकत नाहीं, ऐकणारा तेथेंच कान देतो. मात्र त्यानें तेथें थांबूं नये. वीट पडली तेव्हां त्याच क्षणीं गोदीच्या दारांत कोण उभें होतें, तेथपर्यंत जावें.

कांहीं पालक आम्हांस म्हणतात, कीं मुलांना शौर्य शिकवावें. भीति, पळून जाणें, प्रेतें हें कशाला? शौर्याला आमचा विरोध नाहीं. पण शौर्य सांगण्याची खरी रीत कोणती, हें माणगांव तालुक्यांतील नाईक यशवंत घाडगे यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या सरकारी मानपत्रावरून पाहावें. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या खोऱ्यांत त्यांच्या तुकडींतील बाकी सर्वजण मेले किंवा जखमी झाले. ते एकटे मशीनगनवर धांवून गेले, हातबाँब टाकला, एकाला गोळी घातली; मॅगझिन रिकामें झालें, दुसरें चढविण्यास वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांस बंदुकीच्या दांड्यानें ठार केलें; मग लपलेल्या नेमबाजांनीं त्यांना मारलें. त्या कोरड्या कागदांत विशेषणें फार नाहींत. 'वेळ नव्हता' या दोन शब्दांपाशीं आमचा श्वास अडकतो. निबंधांतल्या हसऱ्या सैनिकाला नेहमींच वेळ असतो, भाषण करण्याइतका वेळ असतो. त्यामुळें त्याचें शौर्य आम्हांस पटत नाहीं आणि घाडग्यांचें पटतें. भीति, तहान, रिकामें मॅगझिन हीं काढून टाकलीं तर शौर्य उरतें कशावर?

तेव्हां शिक्षकबंधूंस आमची सूचना अशी, कीं सैनिकाचें आत्मवृत्त निदान दोन-तीन वर्षें तरी विश्रांतीस पाठवावें. त्याऐवजीं मुलांनीं घरांत ज्यांनीं युद्धाचा काळ पाहिला त्यांच्याविषयीं लिहावें. १९४४ सालचा स्फोट ज्यांनीं जाणत्या वयांत ऐकला असे आतां अगदीं थोडे उरले, आणि जे उरले ते नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांच्याकडे आधीं जावें. १९६५ व १९७१ सालच्या काळोख्या रात्री आठवणारे तर प्रत्येक मजल्यावर सांपडतील. लिहितांना जें सांगणारानें स्वतः पाहिलें आणि जें त्यानें दुसऱ्याकडून ऐकलें तें वेगळें ओळखूं येईल असें लिहावें, आणि न कळलेल्या जागीं आपल्या पदरचा बर्फ पाडूं नये. गोष्ट अर्ध्या पानांत संपली तर संपूं द्यावी. तपासणारांनींहि पानें मोजून गुण देऊं नयेत.

आजी-आजोबांस एवढीच विनंति, कीं नातवंड वही घेऊन आलें तर त्याला तिकडचें सगळें युद्ध सांगूं नका. तें त्याच्या पुस्तकांत आहे. डिसेंबर १९७१ मध्यें खिडकीच्या कांचांना कोणत्या रंगाचा कागद लाविला, तो कोणी आणिला, भोंगा वाजला तेव्हां चुलीवर काय होतें, दिवा मालविल्यावर खोलींत पहिल्यानें कोण बोललें, आणि पलटणींत असलेल्याचें पत्र यावयाचें बंद झालें तेव्हां पोस्टमनची वाट कोण पाहत बसे, हें सांगा. असे लेख पुढील वार्षिकासाठीं आले, तर आम्ही कवितांचीं दोन पानें कमी करूं, पण त्यांना जागा देऊं.